एक सप्लाय, दोन तालमी

उदयसिंहांनी बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या पोटात टक्क झालं आणि पुढं काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. या खेपेला टक्कसुद्धा झालं नाही.

"क्रांती, काल घरात कोण आलतं?"

"गॅसवाला," स्वयंपाकघरातून बायकोचं उत्तर आलं.

"कुठल्या पेठेतला?"

"सिलिंडरवर पेठ लिहीत न्हाईत, आवो."

उदयसिंह पिंपळकट्टा तालीम मंडळाचे सचिव होते. तालमीत कुस्ती आता नावापुरती उरली होती, लाल मातीच्या हौद्यावर फुटबॉलच्या जाळ्या वाळत पडलेल्या असत. आज खेळाडूंच्या नोंदणीचा शेवटचा दिवस होता. छापील यादी, फोटो आणि सह्यांचे फॉर्म पाकिटात घालून संध्याकाळी सहाच्या आत फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात द्यायचे होते. पाकीट गेलं नाही, तर साठ वर्षांत पहिल्यांदा पिंपळकट्ट्याचा संघ हंगामात उतरणार नव्हता. आणि ते सगळं तालमीतून त्यांनी घरी आणून ठेवलेल्या या बंद डब्यात होतं.

दुसरीकडं कुठंच नव्हतं, कारण उदयसिंहांचा कशावरच भरवसा नव्हता. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून दिली तरच ते दूध घेत, आणि तेही आधी चरवी उलटी करून बघून. पेन ड्राइव्ह कुणीही खिशात घालून नेतं, ईमेल कुणीही वाचतं, असं त्यांचं मत होतं. म्हणून खेळाडूंचे फॉर्म स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घेतल्यावर मूळ कागद त्यांनी स्वतःच्या हातांनी फाडून बंबात घातले होते. यादीत यंदा एक हुकमी एक्का होता: हुपरीचा आदर्श. दोन्ही पायांनी गोल मारणारा पोरगा. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, ते स्वतः आणि तालमीचे अध्यक्ष आण्णा. शेजारच्या पेठेतल्या तोरणा तालमीला याचा वास लागू नये म्हणून तर यादी शेवटच्या दिवसापर्यंत दाबून ठेवली होती.

कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून त्यांनी रिक्षात घातला. इलाहीच्या दुकानात पोचल्यावर चादर सोडायच्या आधी शटर अर्धं खाली ओढून घेतलं.

"समोर खोलायचं," ते म्हणाले. "आत न्यायचं न्हाय."

"दादा, दुकानाला आत न्हाईच," इलाही म्हणाला. "आठ बाय दहा हाय."

इलाहीनं स्क्रू काढायच्या आधी उदयसिंहांनी खिशातून क्रांतीचं नेलपॉलिश काढलं आणि आतल्या प्रत्येक वस्तूवर एकेक लाल ठिपका दिला. कुणी वस्तू बदलली तर कळायला नको? इलाहीनं ठिपके वाळेपर्यंत चहा मागवला. मग एक लांबट पत्र्याचा डबा बाहेर काढून त्यानं नाकाशी धरला.

"पॉवर सप्लाय जळालाय. घ्या वास. बाकी सगळं झकास हाय."

"मग दुसरा बसव की."

"तिथंच तर मेख हाय." इलाहीनं फळीवरचा नवा सप्लाय काढून शेजारी ठेवला. "ह्यो विटंसारखा, तुमचा पट्टीसारखा. पेटीतच बसत न्हाय. बाहेर ठेवून जोडावा म्हटलं, तर ह्येच्या प्लगला चोवीस पिना, आन् तुमच्या बोर्डाला भोकं सहा. कंपनीनं मुद्दाम येगळं केलंय."

"मुद्दाम?" हा शब्द उदयसिंहांना लगेच पटला. "अठरा पिना कापून टाक."

"सगळंच जाळायचंय का दादा? बोर्ड जाईल, डिस्क जाईल. मधी जोडायची वायर मिळती, पर ती पुण्यास्नं तीन दिवसांनी येईल."

उदयसिंहांनी डबा पुन्हा चादरीत बांधला आणि आणखी तीन दुकानं पालथी घातली. तिन्ही ठिकाणी तेच उत्तर मिळालं, सहा पिना आणि तीन दिवस. दुसरा कुणी असता तर त्याची खात्री पटली असती. उदयसिंहांची वेगळीच खात्री पटली. चार दुकानदार शब्दाला शब्द जुळवून बोलतात, म्हणजे चौघांचं आधीच ठरलंय! दोन वाजता ते घामाघूम होऊन परत इलाहीकडं आले, कारण चौघांत त्यातल्या त्यात त्यानंच चहा पाजला होता.

"येक सोपं सांगू?" इलाही म्हणाला. "डिस्क काढतो, माझ्या कॉम्प्युटरला लावतो. धा मिनिटांत यादी छापून हातात."

"म्हंजे यादी तुझ्या कॉम्प्युटरात उतरणार."

"न्हाय उतरत. नुसती दिसती."

"तू राहातोस कुठं?"

इलाहीनं स्क्रू मोजायला घेतले. तो तोरणा तालमीच्या मागच्याच बोळात राहत होता, आणि हे उदयसिंहांना माहीत असल्याचं त्याला माहीत होतं. शहाण्या माणसानं इथं डिस्क काढू दिली असती आणि ही गोष्ट इथंच संपली असती.

"मग येकच वाट उरली," इलाही डोकं खाजवत म्हणाला. "हे मॉडेल कोल्हापुरात मी दोनच जागी बघितलंय. येक तुमचं."

"आन् दुसरं?"

"तोरणा तालीम."

त्यात नवल नव्हतं. एक फायनान्स कंपनी बंद पडली, तेव्हा तिचा कॉम्प्युटर पिंपळकट्ट्यानं स्वस्तात उचलला होता. दुसऱ्या दिवशी तोरणानं तिथलाच, तस्साच, दुसरा उचलला. एकानं ढोल घेतला की दुसऱ्यानं घ्यायचाच, हे दोन्ही पेठांत बारशापासून शिकवतात.

तोरणा तालमीचा सचिव विश्वजित पायरीवर बसला होता. इलाहीच्या खांद्यावर चादरीतला डबा आणि त्याच्या मागून साक्षात उदयसिंह येताना बघून तो उठून दारात आडवा उभा राहिला.

"काय पावणं, वाट चुकला?"

उदयसिंहांनी अडचण सांगितली. सांगताना त्यांना दोनदा पाणी प्यावं लागलं. विश्वजितनं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"म्हंजे आमचा सप्लाय तुमाला द्यायचा, तो तुमी जाळायचा, आन् आमची यादी बोंबलायची. आमचीबी आजच जायची हाय, ठावं हाय न्हवं?"

"मी न्हाय जाळणार."

"तुमचा कुणी जाळला?"

"त्येच तर शोधालोय," उदयसिंह म्हणाले आणि दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

शेवटी विश्वजित दारातून बाजूला झाला. "तुमाला मैदानात हाणायचंय आमाला. कागदावर हाणण्यात काय मजा हाय? या आत. पर अटी माझ्या."

हे ऐकून उदयसिंहांनी हात जोडले. पण लगेच, हा इतका चांगला का वागतोय, हा प्रश्न पडला आणि जोडलेले हात सुटले.

अटी ठरवण्यात पाऊण तास गेला. सप्लाय तोरणा तालमीच्या बाहेर जाणार नाही. आधी पिंपळकट्ट्याच्या कॉम्प्युटरला लावायचा, यादी छापायची, पाकीट बंद करायचं. मग तोरणाच्या. एकाचा पडदा चालू असताना दुसऱ्यानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. दोन्ही याद्या एकटा इलाही बघणार, म्हणून त्याला शपथ घालायची. उदयसिंहांनी त्याला आईची घातली. विश्वजितला ती पुरेशी वाटेना. त्यानं इलाहीचा जेवणाचा डबा उघडायला लावून भाकरीवर हात ठेवायला लावला. दुपारपासून न खाल्लेल्या त्या भाकरीकडं बघत इलाहीनं कुणाला एक अक्षरही सांगणार नाही म्हणून शपथ घेतली.

विश्वजितनं आपल्या सप्लायवर निळ्या पेननं सही ठोकली आणि काम सुरू झालं. सहा पिना सहा भोकांत अलगद बसल्या. पडदा उजळला. विश्वजित भिंतीवरच्या पहिलवानांचे फोटो मोजत उभा होता. यादी छापली, उदयसिंहांनी पाकिटाला डिंक लावला, वरून चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सही केली. मग सप्लाय निघाला, पलीकडं बसला, आणि पहिलवान मोजायची पाळी उदयसिंहांवर आली.

तोरणाचं दुसरं पान छापून बाहेर आलं, तेव्हा इलाही जोरात खोकला. विश्वजितनं पाकीट बंद केलं तेव्हा तो परत खोकला.

"काय झालं रं?" उदयसिंह वळून म्हणाले.

"काय न्हाय." इलाहीच्या कपाळावर घाम होता. "येक इचारू? समजा, समजा हं, येकच खेळाडू दोन याद्यांत निघाला तर?"

"दोन्ही याद्या बाद," विश्वजित म्हणाला. "संघटनेचा नियमच हाय. का?"

"काय न्हाय. आईचीबी शप्पथ हाय आन् भाकरीचीबी. मी कायबी बोललो न्हाय. पर मी तुमच्या जागी असतो, तर दोघांनी पाकिटं फोडून दुसरं पान टेबलावर ठेवलं असतं."

दोघांनी आधी इलाहीकडं संशयानं पाहिलं, मग एकमेकांकडं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन म्हटल्यावर दोघांनी पानं टेबलावर ठेवली. तिथं हुपरीचा आदर्श दोनदा हसत होता. तोच निळा शर्ट, तीच कोवळी दाढी, खाली तीच झोकदार सही.

विश्वजितनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आदर्श, कुठं हाईस?"

"दादा, जरा गडबडीत हाय. फॉर्मवर सही करालोय."

"कसली सही? आपली झाली की."

पलीकडं मागून कुणीतरी म्हणालं, "हितं कर, आमच्या तालमीच्या शिक्क्याखाली." मग फोन बंद झाला.

"त्याला कुणी शप्पथ घातली न्हवती वाटतं," इलाही म्हणाला.

उदयसिंह मटकन खुर्चीत बसले. दिवसभर त्यांनी गॅसवाल्यावर, दुकानदारांवर, अख्ख्या तोरणा तालमीवर संशय घेतला होता. फक्त एकाच माणसावर घेतला नव्हता. समोर विश्वजितही तसाच बसला होता, आणि त्याचा चेहरा बघून उदयसिंहांना त्याची मनापासून दया आली.

नाव काढून याद्या पुन्हा छापायच्या होत्या, आणि सप्लाय एकच होता.

"तुमी आधी लावा," उदयसिंह म्हणाले.

"न्हाय न्हाय, तुमी पावणं."

"घर तुमचं हाय, आधी तुमी."

"आवो, कुणीबी लावा की!" इलाही ओरडला. "साडेपाच झालं!"

या खेपेला भिंतीकडं कुणीच तोंड केलं नाही. पावणेसहाला दोन्ही पाकिटं तयार झाली. रिक्षा शोधायला वेळ नव्हता, म्हणून उदयसिंह विश्वजितच्या गाडीवर मागं बसले. पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी दोन्ही पाकिटांवर शिक्के पडले. परत येताना गाडीवर मागं बसल्या बसल्या उदयसिंहांना फार बरं वाटत होतं. हंगाम वाचला होता, आणि जगात अगदीच सगळी माणसं वाईट नसतात, असा एक नवाच विचार त्यांच्या मनात आला होता.

विश्वजितनं त्यांना पिंपळकट्ट्यावर सोडलं. निघताना त्यांच्या पाठीवर थापही मारली. कट्ट्यावर तालमीची पंधरा-वीस पोरं बसली होती. मधोमध आण्णा होते.

"यादी दिली?" आण्णांनी विचारलं.

"दिली की. पोचपावती हाय."

"आदर्श हाय न्हवं त्यात?"

"न्हाय. काढला त्याला."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

उदयसिंह सांगू लागले. तोरणा तालमीत बसून, विश्वजितच्या समोर, त्याची यादी आणि आपली यादी शेजारी शेजारी ठेवून... बोलता बोलता आपलंच बोलणं त्यांना फितुराच्या कबुलीसारखं ऐकू येऊ लागलं आणि ते थांबले. पोरं एकमेकांकडं बघत होती.

"आन् कॉम्प्युटर?" आण्णांनी शांतपणे विचारलं.

"तो... तोरणा तालमीत हाय. म्हंजे, इलाही उद्या आणून देतो म्हणलाय."

आण्णांनी नुसता हात पुढं केला. उदयसिंहांनी खिशातून तालमीच्या कार्यालयाची किल्ली काढली आणि त्या हातावर ठेवली. त्यांना आण्णांचा राग आला नाही. आण्णांच्या जागी ते स्वतः असते, तर त्यांनी ती किल्ली माणूस गाडीवरून उतरायच्या आधीच मागितली असती.