मंजिरीताईंची फाटकी खिडकी

मंजिरीताई आपटे तुमच्या टेबलाशी आल्या की 'गुटन मॉर्गन' नाही, 'कसा आहेस' नाही. थेट तुमचा माउस हिसकावून घ्यायच्या. पडद्यावरची हाताला लागेल ती खिडकी पकडून अशी काही झपाझप इकडून तिकडे फिरवायच्या की बघणाऱ्याला गरगरावं. मग आनंदाने ओरडायच्या, "फाटली! बघितलंस? मधोमध फाटली!"

खिडकी खरंच फाटायची. वरचा अर्धा भाग पुढे निघून जायचा, खालचा क्षणभर मागे रेंगाळायचा. न्युरेम्बर्गच्या आमच्या ऑफिसात चाळीस लिनक्स मशीनवर आम्ही यंत्रांची ड्रॉइंग्ज करायचो आणि इतकी वर्षं हे कुणाला दिसलंच नव्हतं. ताईंनी दाखवल्यापासून दुसरं काही दिसेना. मी घरी टीव्हीकडेही संशयाने बघायला लागलो.

त्या मशीनचं सगळं ताईच सांभाळायच्या. मूळच्या सांगलीच्या, पण 'गेनाऊ', म्हणजे जर्मनमधलं 'अगदी बरोबर', लावल्याशिवाय त्यांचं मराठी वाक्य संपत नसे. पडद्यावर खिडक्या काढून देणारं जे सॉफ्टवेअर असतं, म्हणजे डिस्प्ले सर्व्हर, ते आमच्याकडे फार जुन्या घडणीचं होतं. आता नवं निघालं होतं, आणि ताईंना ते कधी बसवते असं झालं होतं.

"अरे, जुन्यात सगळे प्रोग्राम पाहुण्यांसारखे एकाच खोलीत उतरवलेत. कोण काय लिहितंय, सगळ्यांना दिसतं! नवं प्रत्येकाला वेगळी खोली देतं. गेनाऊ!"

हे त्या कॅन्टीनच्या रांगेत सांगायच्या, लिफ्टमध्ये सांगायच्या. एकदा यू-बानमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, शेजारच्या अनोळखी जर्मन आजींना सांगत होत्या. आजी दोन स्टेशनं मान डोलावत राहिल्या आणि उतरताना म्हणाल्या, "मग बसवून टाका की."

"बघ!" ताई मला म्हणाल्या. "यांना कळलं. क्र्युगरला कळत नाही."

हेर क्र्युगर आमचे विभागप्रमुख. ताईंनी त्यांना नऊ कारणं लिहून दिली. ते म्हणाले, चालतंय ना सगळं? ताईंनी चौदा दिली. तेव्हा क्र्युगर म्हणाले, "सोमवारच्या बैठकीत शेवटचं बोला. पटलं नाही, तर दोन वर्षं हा विषय बंद."

सोमवारी ताईंनी क्र्युगरांचाच लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. पासवर्डची चौकट उघडून म्हणाल्या, "खरा पासवर्ड नको. मनात येईल ते लिहा." क्र्युगरांनी टाइप केलं. भिंतीवर नुसते ठिपके उमटले. ते ऐटीत मागे रेलले.

ताईंनी ती खिडकी बाजूला सरकवली. मागे त्यांनी आधीच उघडून ठेवलेल्या दुसऱ्याच प्रोग्रामच्या खिडकीत, भिंतभर, जर्मनमध्ये लिहिलं होतं: 'फ्राऊ आपटे डोकं खातात.'

मग पहिल्यांदा ताईच हसल्या, टाळ्या वाजवत. "गेनाऊ! हे कारण क्रमांक एक!"

क्र्युगरांचे कान लाल झाले होते. म्हणाले, "आधी एका मशीनवर. चाललं तर सगळीकडे."

मला वाटलं, माझंच मशीन घेतील. सगळ्यात नवं तेच होतं. ताईंनी हॉफमनांचं निवडलं.

हॉफमन आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. त्या वर्षी सर्वांना जुन्या पडद्याशेजारी एकेक नवा, बारीक ठिपक्यांचा पडदा मिळाला होता. जुन्या सॉफ्टवेअरला दोन्ही पडद्यांवर अक्षरांचं वेगवेगळं माप ठेवता येत नसे, त्यामुळे नव्यावर अक्षरं मुंगीएवढी. आम्ही निभावून नेत होतो. हॉफमन मात्र दिवसभर पडद्याला नाक लावून बसत. दोनदा त्यांची ड्रॉइंगमधली मापं चुकली होती. वेळेआधी निवृत्ती घेईन म्हणतो, असं ते हल्ली म्हणायला लागले होते.

शुक्रवारी दुपारी ते घरी गेल्यावर आम्ही दोघं बसलो. दोनदा पडदा काळाठिक्कर पडला. तिसऱ्यांदा दोन्ही पडदे उजळले आणि अक्षरं एकसारखी, ठसठशीत दिसली. ताई लहान मुलीसारख्या उड्या मारत होत्या.

"ताई, हे कारण तर तुमच्या यादीत नव्हतंच," मी म्हणालो.

त्या थांबल्या. "कसं लिहिणार? क्र्युगरने विचारलं असतं, वाचता कुणाला येत नाही? मग त्या माणसाचे डोळे सगळ्या ऑफिसचा विषय झाले असते."

सोमवारी हॉफमन येऊन बसले. नेहमीसारखे पुढे वाकले, मग हळूहळू मागे सरकत गेले. पाठ खुर्चीला टेकली. कितीतरी वेळ ते नुसतंच वाचत होते.

"फ्राऊ आपटे, काय केलंत?"

"मशीन बिघडलं होतं," ताई म्हणाल्या. "दुरुस्त केलं."

"मला वाटलं, मी म्हातारा झालो."

"नाइन, नाइन! छे हो, मशीन म्हातारं झालं होतं."

हॉफमन हसले आणि कामाला लागले. ताई माझ्याकडे न बघता तडक किचनकडे गेल्या. मी मागोमाग गेलो, तर कॉफीचं मशीन बंद होतं आणि त्या दाराकडे पाठ करून, चष्मा हातात धरून डोळे टिपत उभ्या होत्या.