निम्म्या काचेवर तेल

बावीस वर्षांत आमच्या देवघरातला नंदादीप माझ्या हातून एकदाही विझलेला नाही. म्हणूनच चारठाण्याच्या आमच्या बचत गटानं नव्या कोल्डरूमची राखण माझ्यावर सोपवली आणि मीही निर्धास्तपणे हो म्हटलं.

आत गोठवलेला सीताफळाचा गर होता, दोनशे किलो. बारा बायांनी बोटं सुरकुतेपर्यंत काढलेला. शनिवारी परभणीचा आइस्क्रीमवाला तो न्यायला येणार होता. गटाची पहिलीच ऑर्डर!

यंत्र कार्बन डायऑक्साइडवर चालतं, सोड्याच्या बाटलीत असतो तोच गॅस. कॉम्प्रेसरला एक गोल काच आहे, तिच्यात तेल दिसतं. महारुद्र मिस्त्री सांगून गेला होता, "ताई, तेल निम्म्या काचेवर पाहिजे. कमी दिसलं की फोन करा."

सोमवारी पूजा आटोपून पाहिलं, तर तेल काचेच्या तळाशी. एवढ्याशा तेलासाठी जिंतूरहून माणूस बोलवायचा? महारुद्रचा तेल भरायचा हातपंप तिथंच होता, तो कसा मारतात ते मी पाहिलं होतं. जप करीत मारला. मंगळवारी पुन्हा कमी, पुन्हा मारला. बुधवारी, गुरुवारीही. खोली मात्र रोज थोडी जास्तच कोमट. मला वाटलं, अजून तेल हवं असेल.

शुक्रवारी दार उघडलं आणि आंबूस वास आला. मी महारुद्रला फोन लावला.

महारुद्रनं नळ्या मोकळ्या केल्या, तर तेलच तेल. "गॅस जाताना थोडं तेल संगं नेतो अन् परत आणतो, म्हणून काचेत कमी-जास्त दिसायलंय," तो म्हणाला. "इतकं घातल्यावर नळ्यांनी आतून घोंगडंच पांघरलं की. गॅसला वाट न्हाई, थंडी भाईर येईना. कोणी घातलं हे?"

"मी," मी म्हणाले.

गटाच्या अध्यक्ष कडूबाई लगेच पुढं झाल्या. "ताई, दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊ नका."

"अहो, खरंच मी घातलं."

"बघा, कसं सांभाळून घ्यायल्यात! महारुद्र, लाज वाटू दे जरा."

मी देवाची शपथ घेतली. गटातल्या बायनाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ह्या माणसापायी ताईला शपथ घ्यावी लागली गं."

महारुद्रनं हातातला पाना खाली ठेवला. मग हात जोडून म्हणाला, "राहू द्या ताई. माझ्याच हातून पडलं असंल."

गर खताच्या खड्ड्यात गेला आणि महारुद्रचं कामही गेलं. प्रायश्चित्त म्हणून मी सात गुरुवार निर्जळ धरले, तर ते महारुद्रला सुबुद्धी व्हावी म्हणून आहेत, असं बायांनी परस्पर ठरवून टाकलं.

आता नवा मिस्त्री आलाय. त्याला गटानं पहिल्याच दिवशी बजावलंय, बाकी काय करायचं ते कर, तेल तेवढं ताईंच्याच हातानं पडलं पाहिजे.