मार्था सिस्टरची जाहीर प्रार्थना

मला साखर निघाली, हे मी बायकोला सांगायच्या आधी मार्था सिस्टरनी देवाला सांगितलं. आणि देवापर्यंत पोचायच्या आधी ते आमच्या गल्लीतल्या बाराही घरांना कळलं.

झालं असं, की आदल्या संध्याकाळी मी रिपोर्टचं पाकीट घेऊन येत होतो आणि सिस्टर कोपऱ्यावर भेटल्या. पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईपासून पाकीट काय लपवणार? मी हळूच आकडा सांगितला. "फिकीर करू नका भाऊ, उद्या वर सांगते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, वर म्हणजे मनातल्या मनात. सकाळी साडेपाचला अर्धवट झोपेत कानावर आलं, "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आमच्या एसटी आगारातल्या भाऊंना साखर निघाली हाय. त्यांना भात सुटत न्हाई, तो सोडव. अन् लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली की त्यांची नजर दुसरीकडं वळव." शेजारी बायको उठून बसली. तो दिवस कसा गेला, ते सांगत नाही.

आमची गल्ली अहमदपुरातली, बाजारपेठेच्या मागची. शेवटच्या दोन खोल्यांत सिस्टर एकट्या राहतात. सकाळी पायरीवर पोतं अंथरून बसायचं, मांडीवर प्लास्टिकचं कव्हर घातलेलं बायबल ठेवायचं आणि एका टोकाच्या घरापासून दुसऱ्या टोकाच्या घरापर्यंत, एकही घर न गाळता, सगळ्यांची दुखणी देवाच्या कानावर घालायची, हा त्यांचा नेम. जनरल वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारून कमावलेला आवाज. एकदा मी विचारलं, "सिस्टर, हळू केली तर देवाला ऐकू जात नाही का?"

"त्याला जातं की. पण मनात केली तर मधीच मला भाजीचं आठवतं. मोठ्यानं केली की ध्यान राहतं."

प्रार्थनेत चूक झालेली त्यांना खपत नाही. गफारभाई शिंप्यांचा गुडघा दुखत होता. चार दिवस सिस्टर उजव्या गुडघ्यासाठी विनवण्या करत होत्या. पाचव्या दिवशी गफारभाईंनी खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "सिस्टर, डावा है, डावा!" सिस्टरनी डोळे न उघडता लगेच दुरुस्ती केली, "प्रभू, चार दिवस मी चुकीचा गुडघा सांगितला, माझी चूक मला माफ कर. डावा हाय."

प्रार्थना संपली की पोतं झटकायचं आणि म्हणायचं, "वर सांगितलंय, आता खाली बघू." मग पिशवीत ब्लडप्रेशरचं मशीन, कापूस, मलम आणि एक स्टीलचा डबा घालून बाई निघायची. ज्या ज्या घराचं नाव वर गेलं, त्या घरी स्वतः जायचं. गफारभाईंचा गुडघा शेकायचा. बाळंतिणीला अंघोळ घालायची. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं; ज्या घरात म्हातारी माणसं, तिथले ड्रम सिस्टर भरून द्यायच्या. मी एकदा गंमत केली, "देवाला सांगितलंय ना, मग तुम्ही कशाला कष्ट घेता?" बादली खाली न ठेवता म्हणाल्या, "त्यानं कुणाला पाठवायचं मग? तुम्ही तर झोपून राहिले व्हते."

एकदा गफारभाईंच्या बायकोला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन सिस्टर नांदेडला निघाल्या. बस सुटताच त्यांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "प्रभू, आम्हाला सुखरूप पोचव. ड्रायव्हर तरणा हाय, त्याला डुलकी येऊ देऊ नको. ब्रेकवर तुझा हात ठेव." मागच्या सीटवरचे लोक पुढे वाकून ड्रायव्हरकडे बघू लागले. दोन बायांनी तर पुढच्या थांब्यावर उतरायची तयारी केली. शेवटी ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि मागं वळून हात जोडले, "मावशी, मी जागा हाय! ब्रेकबी नवे हायत!" त्याची ही तक्रार दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर आली. सिस्टरना सांगितलं तर त्या खूश. "बघा, किती सावध केलं पोराला."

गल्लीत या सगळ्याला विरोध करणारा माणूस एकच. देशमुख सर. गणिताचे निवृत्त शिक्षक, पत्नी वारलेली, मुलगा पुण्याला. सरांना मूळव्याध होती. ती सिस्टरना औषधाच्या दुकानात कळली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर कळवण्यात आली. सर पंचा नेसूनच रस्त्यावर आले. "बाई, हा माझा खाजगी विषय आहे! माझं नाव घ्यायचं नाही!"

"बरं सर, न्हाई घेत."

आणि दुसऱ्या दिवशी, "प्रभू, एक सर हायत. त्यांचं नाव घ्यायचं न्हाई असं त्यांनी सांगितलंय. निळं फाटक, दारात पेरूचं झाड. बसायला त्रास हाय, तू समजून घे."

सरांच्या खिडकीची दारं धाडकन आपटली. तेव्हापासून तो रोजचा क्रम झाला. सिस्टर "निळं फाटक" म्हणायच्या आणि खिडकी आपटायची. त्या आवाजावर आमच्या घरी चहाचं आधण ठेवलं जाई.

मागच्या वर्षी थंडीत एक दिवस सिस्टर "निळं फाटक" म्हणाल्या आणि खिडकी आपटलीच नाही. सिस्टर थांबल्या. पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हणाल्या. काहीच नाही. प्रार्थना तशीच अर्धी टाकून, आमेनसुद्धा न म्हणता ती सदुसष्ट वर्षांची बाई अनवाणी धावत सुटली. "भाऊ, उठा! सरांचं दार तोडा!"

सर पलंगाखाली पडले होते. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग लुळं. गफारभाईंच्या पुतण्याच्या जीपमधून आम्ही त्यांना लातूरला नेलं. रस्ताभर सिस्टरनी सरांना कुशीवर धरून ठेवलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना गप्प पाहिलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

मुलगा आला, पंधरा दिवस राहिला आणि सरांची सेवा करायला एक माणूस ठेवून परत गेला. सरांनी त्या माणसावर डाव्या हातानं तांब्या फेकला. चौथ्या दिवशी तो माणूस निघून गेला. पाचव्या दिवशी सिस्टर निळं फाटक उघडून आत शिरल्या.

सुरुवातीला सरांनी त्यांच्याही अंगावर पेज थुंकली. सिस्टरनी पदरानं सरांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "राग येतोय म्हंजे मेंदू शाबूत हाय. तोंड उघडा." दिवसातून तीन वेळा त्या जायच्या. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, लुळ्या बोटांची एकेक करून उघडझाप करायची. महिनाभरानं सरांनी तांब्या फेकणं सोडलं. दोन महिन्यांनी सिस्टर यायच्या वेळेला ते दाराकडे बघू लागले.

मी दुपारची पाळी नसली की सरांना पेपर नेऊन द्यायचो. एकदा चारच्या सुमाराला गेलो, तर दार उघडंच होतं आणि आतून सिस्टरचा आवाज येत होता. इतका हळू, की आधी मला वाटलं दुसरंच कुणी आहे.

"सलोमीचं पहिलं बाळंतपण व्हतं, सर. नागपूरला. तिनं मला आधीच बोलावलं व्हतं. मी पिशवी भरून ठेवली. निघायच्या दिवशी इथं एक बाई अडली. गाडी मिळंना, डॉक्टर गावाला गेलेला. मी म्हणलं, हिला मोकळी करते अन् उद्याच्या गाडीनं जाते. माझ्या लेकीला प्रभू बघंल." वाटीत चमचा फिरत होता. "ती बाई वाचली. तिचं लेकरूबी वाचलं. सलोमीचं गेलं."

मी उंबऱ्यावरच थांबलो. सिस्टरची मुलगी नागपूरला आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. ती कधी येत का नाही, हे गल्लीत कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"मी गेले असते तर वाचलंच असतं, असं न्हाई सर. तिथं मोठे डॉक्टर व्हते. पण तिची आई नव्हती ना तिथं. सात वर्षं झाली, फोन उचलत न्हाई. साऱ्या गल्लीचं नाव घेते मी. तिचं घ्यायला गेले की आवाजच निघत न्हाई. त्याच्यावर भरोसा टाकला, ते चुकलं का? का मीच जायला पाहिजे व्हतं?" मग वाटी खरवडत, "तुम्हाला बोलता येत न्हाई म्हणून सांगून राहिले. घ्या, दोनच घास राहिलेत."

सरांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"रागावले का? घ्या की."

सरांनी मान हलवली. डावा हात उचलला, सिस्टरच्या हातातला चमचा काढून घेतला आणि वाटीत बुडवला. अर्धी पेज चादरीवर सांडली. उरलेली त्यांनी हळूहळू वर उचलली आणि सिस्टरच्या तोंडापुढे धरली.

सिस्टर त्या चमच्याकडे बघत राहिल्या. सर हात खाली घेईनात. मग त्या पुढे वाकल्या आणि लहान लेकरासारखं त्यांनी तोंड उघडलं.