हिराआप्पांच्या दातातली बोंडअळी

आमचे शेजारी हिराआप्पा जगातल्या कुठल्याही बिघाडाला कपाशीचाच रोग समजतात. माझी मोटरसायकल बंद पडली, तर "मावा पडना." जावयाचं दुकान बसलं, तर "मर लागनी." शहाद्यापासून प्रकाशा गावापर्यंत एवढा अडाणी सर्वज्ञ दुसरा नाही. असता, तर आप्पांनी त्याच्यावरही फवारा मारला असता.

मध्यंतरी त्यांच्या पुढच्या दातावर, हिरडीच्या कडेला गुलाबी डाग उमटला. दुखणं काडीचं नाही. आप्पांनी आरशात पाहून निकाल दिला, "गुलाबी बोंडअळी शे. वरथून बोंड हिरवंगार, मझार सरकी खलास."

मग उपचार. निंबोळी अर्क एवढा चोळला, की आप्पा जांभई द्यायचे आणि गल्लीतल्या म्हशी दूध चोरायच्या. उशाशी कामगंध सापळा टांगला, अळीचे पतंग वासाला भुलून अडकावेत म्हणून. त्यात आमच्या सगळ्या कळसाडी गावाचे किडे सापडले. डाग तसाच.

शेवटी सुरतेहून माहेरी आलेल्या लेकीने, सुमनने, त्यांना शहाद्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दुसऱ्या बाजूने धरायला मी होतोच.

बाईंनी एक्स-रे दाखवला. अळीबिळी काही नव्हती. आप्पांच्याच शरीरातल्या पेशी दाताचं मूळ आतून खात सुटल्या होत्या. आतली नस काढून औषध भरलं, तर खाणं थांबेल, दात वाचेल. पण हे बहुधा जुन्या माराने होतं, बाई म्हणाल्या. तसं असेल, तर शेजारचे दातही पोखरत असतील. ते आत्ताच तपासायला हवेत, नाहीतर हातचे जातील.

"कधी तोंडाला मार लागला होता का?"

"नही. कधीच नही."

उसात बिबट्याशी झोंबाझोंबी केल्याचं सगळ्या तालुक्याला ऐकवणारा हा गडी. बढाई मारायला डॉक्टरने स्वतः जागा करून दिली, तर याची दातखीळ बसली.

मग त्यांनी सुमनला पाण्याची बाटली आणायला पिटाळलं. दार लागल्यावर खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, बाजूना दात बी देखा. सुमी धाकली व्हती, मन्हा खांदावर नाचे. तिन्हं डोकं लागनं, तोंड रक्तानं भरी गयं. पन तिले सांगू नका. एवढी मोठी व्हयनी, तरी रडत बसी."

सुमन आली. "काय म्हणल्या बाई, आप्पा?"

आप्पांनी, कुणी सांगायच्या आतच, खुर्चीत मान टाकून भलाथोरला आ वासला होता.