साळवेकाकांचं तळं

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी, दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक तळं सात मिनिटांत मेलं. त्या वेळी तळ्यात चौदा मुलं होती. त्यातली एक रडत घरी गेली.

तळं डॅनियल साळवे यांचं. वय चौऱ्याहत्तर, मूळ अहमदनगरकडचे, केंद्र सरकारच्या पाणी खात्यातून निवृत्त. माझ्या दोन मजले खाली राहतात, एकटे. माणूस भेटला की ‘कसे आहात’ म्हणायची त्यांची पद्धत नाही. ते विचारतात, “लेव्हल काय?” नोकरीभर धरणांच्या आणि तळ्यांच्या पाण्याची पातळी वाचली, त्याचा हा परिणाम. उत्तर ‘ठीक’ असं दिलं तर समाधान होत नाही. “ठीक म्हणजे किती?”

दुसरी सवय म्हणजे ते ओळखीच्या प्रत्येकाला तळ्यात जागा देतात. मी बातमीदार, म्हणून बगळा. “एका पायावर उभं राहून दुसऱ्याची गडबड व्हायची वाट बघणं, हेच ना तुमचं काम?” रात्रपाळीचा चौकीदार बेडूक, कारण आवाज मोठा आणि दिवसा दिसत नाही. महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी मोहिते यांना ते जलपर्णी म्हणतात. हे फक्त मला सांगितलेलं आहे.

मंडळ दर रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवतं. साळवेकाकांना तो दिला तेव्हा अपेक्षा साधी होती. दिल्लीत वाढलेल्या मुलांना भाज्यांची नावं आणि दोन कविता याव्यात. काकांनी पहिल्याच रविवारी फरशीवर निळी चादर अंथरली आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड अडकवलं. शेवाळ, डासाची अळी, गप्पी मासा, पाणसाप, खंड्या, घार.

“काका, शेवाळ मतलब?”

“काई.”

“छी!”

“छी काय? तू अळी ना? तुझ्या नाश्त्याला कोणी छी म्हणतं का? तळ्यात कोणी फालतू नसतं.”

मग कोण कोणाला खातं, त्याप्रमाणे लोकरीचे धागे एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पंधरा मिनिटांत मुलांचं जाळं होतं. काका डब्यातून चिठ्ठी काढतात. ज्याचं नाव येईल तो मेला, त्याने खाली बसायचं. बसताना त्याचा धागा ओढला जातो. ज्याच्या हाताला ओढ लागली तोही बसतो. तळं किती मिनिटांत मरतं ते बघायला काका घड्याळ लावून बसलेले असतात. वर्षभरात मुलं मराठीत भांडायला शिकली. पालक खूश होते.

त्या रविवारी चिठ्ठी शेवाळाची निघाली. शेवाळ होती आठ वर्षांची सई. ती बसली आणि तिच्यामागोमाग सगळेच बसले. घरी जाऊन ती आईला म्हणाली, “मम्मा, मेरी वजह से सब मर गए.” त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला आणि संध्याकाळी समितीची बैठक झाली. मी हजर होतो.

मोहिते म्हणाले, “काका, गेम बिल्कुल छान आहे. फक्त ते मरणं तेवढं काढा.”

“मरणं काढलं तर उरतं काय? स्विमिंग पूल.”

“मग वर्ग बंद करावा लागेल.”

आठवड्यातून एवढे दोन तासच काकांशी कोणी मराठीत बोलतं, हे बैठकीतल्या सगळ्यांना माहीत होतं. काकांनी एकच मागणी केली. पुढच्या रविवारी पालकांनी स्वतः खेळावं आणि मग मत द्यावं. ती मान्य झाली.

त्या रविवारी कार्डं टेबलावर ठेवली होती. पालकांत बहुतेक सरकारी नोकर. घारीचं कार्ड जॉइंट सेक्रेटरी निमकर साहेबांसमोर आपोआप सरकलं. त्यांच्याच मंत्रालयातले सेक्शन ऑफिसर सोनटक्के यांनी खालच्या पायरीवरचा गप्पी मासा घेतला. खंड्यासाठी दोन अंडर सेक्रेटरींमध्ये ‘आप लीजिए’ झालं आणि प्रमोशन आधी कोणाचं, यावर ते मिटलं. शेवाळाला कोणी हात लावला नाही. शेवटी ते सईच्या आईने उचललं.

चिठ्ठी पुन्हा शेवाळाचीच निघाली. सईची आई खाली बसली. अळी बसली. सोनटक्क्यांच्या हाताला ओढ लागली. साहेबांच्या मनगटाला जाणारा एकमेव धागा त्यांचाच होता. सोनटक्के गुडघ्यात वाकले, पण डाव्या हाताने हळूहळू लोकर सैल सोडत राहिले. साहेबांना झटका बसला नाही. बाकी सगळे खाली आणि मधोमध घार उभी.

खुर्च्यांवर चढलेली मुलं ओरडली, “चीटिंग! अंकल, आप मर गए!”

“सोनटक्के, ओढा की!” मोहित्यांनी सांगितलं.

“अहो, साहेबांना कसं ओढायचं?” सोनटक्के कुजबुजले.

हॉल हसला. काका हसले नाहीत. “साहेब, तुमच्या खाली आता काहीच उरलेलं नाही. किती दिवस उभे राहाल?”

निमकरांनी खाली बसलेल्यांकडे पाहिलं. मग पँट सावरत फरशीवर बसले.

सईने विचारलं, “काका, मम्मा की वजह से मरे सब?”

“नाही गं. चिठ्ठी मी काढली.”

“उस दिन भी?”

“त्या दिवशीही मीच.”

सईची आई अजून खालीच होती. ती म्हणाली, “काका, खेळ चालू ठेवा. पण पहिला जो बसतो ना, त्याला इथून सगळे उभे दिसतात. फार एकटं वाटतं हो.”

काका लोकर गुंडाळत होते. हात न थांबवता म्हणाले, “फरीदाबादच्या पलीकडे एक तळं होतं. वीस वर्षं मी त्याची पातळी वाचली. शेवटच्या दिवशी पातळी मोजायची पट्टी तळापर्यंत कोरडी. तीनदा पाहिली. आकडा लिहिला आणि बसने घरी आलो. मिसेस आदल्या वर्षीच गेल्या होत्या. तळं गेलं, हे सांगायचं कोणाला?” मग सईच्या आईला म्हणाले, “तुमचं बरोबर आहे.”

मतदान झालं. वर्ग चालू ठेवावा, असं एकमताने ठरलं. नियमात काय बदलायचं ते काकांवर सोडलं.

पुढच्या रविवारी चौदाच्या चौदा मुलं आली. सईने खंड्याचं कार्ड घेतलं. पहिली चिठ्ठी अळीची निघाली. अळी झालेला मुलगा खाली बसला, तसे काका खुर्चीचा हात धरून, ऑपरेशन झालेला गुडघा सांभाळत त्याच्या शेजारी फरशीवर बसले.

“काका, तुमचं तर कार्डच नाही,” मुलगा म्हणाला.

“मी गाळ. तुझ्याआधीपासून इथे आहे.”

खेळ त्या दिवशी तीनदा झाला. काका तिन्ही वेळा पहिल्या मुलाबरोबर खाली बसले. त्यांना एकट्याने उठता येत नाही. पहिल्यांदा दोन मुलांनी उठवलं, दुसऱ्यांदा चौघांनी. तिसऱ्यांदा एक हात सईने धरला होता.