राजांची जोडी आणि निंबावरचा झोका

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुपारी असोद्यात झुलाल आबांच्या ओट्यावर जावई रुसून बसला होता. जावयाचं नाव भटू. नरडाण्याच्या एका कारखान्यात तो फिटर होता, आणि बायको माहेरी आल्यापासून स्वतःच्या हातची भाकर खात होता. त्या भाकरीचे चटके त्याच्या बोटांवर होते आणि चव तोंडावर.

"आबा, भिकूले उद्या मन्हा संगे धाडा," तो म्हणाला. "रोज भाकर जळस. काल तर गल्लीनं कुत्रं बी वास लिसन परत गये."

आबांनी पानाला चुना लावला. "जावईबापू, लेक अखाजीला माहेरी आली हाये. पोटभर झोका खाऊ द्या तिला."

झोका वरच होता. ओट्यावर वाकलेल्या निंबाच्या फांदीला दोर बांधलेला, आणि त्यावर भिकुबाई उभी. झोका पुढे गेला की ती आबांच्या डोक्यावर यायची, मागे आला की भटूच्या. तिच्या पदराची सावली दोघांवरून सारखीच फिरत होती. कुणाची बाजू न घेणारी, असं निदान वाटत तरी होतं.

शेजारचे जीवराम नाना पत्ते पिसत म्हणाले, "भांडता कशाला? अखाजी हाये. पत्ता सांगंल तसं करा."

अखाजीला पत्ते खेळायची पूर्वापार मुभा. पैसे मात्र सुंदरबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, घरातून हद्दपार केले होते. म्हणून ओट्यावर तीन पत्ती चालायची ती चिंचोक्यांवर.

आबांनी अट सांगितली. "एक चिंचोका म्हंजे एक दिवस. तुम्ही जिंकले, तर भिकू उद्याच्या गाडीनं तुमची. मी जिंकलो, तर ढिगातले सगळे चिंचोके या तांब्यात भरीन. रोज सकाळी एक बाहेर फेकीन. तांब्या रिकामा झाला, की या घ्यायला."

"आन चाल?"

"एका चालीला एकच चिंचोका. वाढवायचं नाही."

"मंग 'शो' मांगानं का?"

आबांचा चुना लावणारा अंगठा थांबला. जीवराम नानांनी जीभ चावली. "अरे भो, जावयानं सासऱ्याला 'दाखवा' म्हनायचं? उद्या म्हनशील धोतर सोडा!"

म्हणजे पानं उघडायला सांगण्याचा मान फक्त आबांचा. भटूनं एक तर चाल द्यायची, नाही तर पानं टाकून द्यायची. त्यानं मान डोलावली आणि पानं उचलली. राजा. चौकी. आणि पुन्हा राजा.

राजांची जोडी! भटूच्या डोळ्यांपुढे तव्यावर फुगणारी गोल भाकर आली. त्यानं चिंचोका टाकला. आबांनी आपली पानं पाहिली, मिशीतल्या मिशीत हसले आणि चिंचोका टाकला. भटूनं टाकला. आबांनी टाकला.

चाल वाढवता येत नव्हती, म्हणून समोरच्याला घाबरवता येत नव्हतं. आबा एकेक चिंचोका असा टाकत होते, की जणू कोंबड्यांना दाणे. ढीग वाढत चालला.

"जावईबापू," नाना म्हणाले, "तुमच्या ध्यानात येतं का? हा ढीग तुमच्या कामाचा नाही. जिंकले तर बायको उद्याच मिळणार, मग ढीग एवढासा असो का एवढा. हारले, तर मात्र हे सगळे दिवस तुम्हाला जाळायचे. भाकरीसकट."

भटूच्या हातातला चिंचोका हातातच राहिला. आधीच सोडलं असतं, तर चार दिवसांत सुटका होती. आता सोडलं, तर पंधरवडा गेला. आणि नाही सोडलं, तर? जोडी राजांची, सोडायची तरी कशी?

तेवढ्यात वरून गाणं आलं.

"झोका गेला शेंड्याला, खाली दिसे सारा गाव,
सोडी दे रे राजा, तुझ्या जोडीला नाही भाव!"

बायको इतक्या लाडानं 'राजा' म्हणाल्याचं भटूला लग्नापासून आठवत नव्हतं. तो लाजला आणि त्या लाजेत त्यानं आणखी एक चिंचोका टाकला. वर कपाळावर हात मारल्याचा आवाज झाला. झोका पुन्हा आबांच्या डोक्यावर गेला.

"बापाच्या घरी तीन लेकी, तिघींचं तोंड सारखं,
सोडी दे रे राजा, तुझं राज्य झालं पारखं!"

भटू चमकला. तीन लेकी? आबांना तर ही एकच लेक! मग सारख्या तोंडाच्या तिघी म्हणजे... तीन सारखी पानं. ट्रेल! ट्रेलपुढे राजांची जोडी म्हणजे वाघापुढे दोन बकऱ्या. आणि भिकू तर वरून सगळंच पाहत होती.

बायको असावी तर अशी! बापाचं गुपित नवऱ्याला गाऊन सांगते! त्यानं भरल्या डोळ्यांनी वर पाहिलं आणि दोन्ही राजे खाली टाकले.

"सोडं," तो म्हणाला.

आबांनी घाम पुसला. नानांनी पानं गोळा करताना आबांची उलटून पाहिली. दुर्री, पंजी, सत्ती. रंगही सारखा नाही.

"आबा, हे तं खिचडी पण नाही," नाना म्हणाले. "हे नुसतं पाणी हाये."

भटूनं झोका धरला. "भिकू! तीन लेकी कोठे शेतस? तू तं एकलीच!"

"मी गाणं म्हनत होते," भिकुबाई खाली उतरत म्हणाली. "गाण्यात तर मी राजाची राणी पण असते. नरडाण्यात कुठं हाये?"

भटूनं झोक्याचा दोर सोडून दिला. आबा तांब्यात चिंचोके भरत होते. एकेक चिंचोका तळाशी टणकन वाजत होता.

दुसऱ्या दिवशी आबा आंघोळीला गेले असताना भिकुबाईनं भटूच्या हाती सांजोऱ्यांची पिशवी दिली, उगाच त्याच्या सदऱ्याची घडी नीट केली आणि म्हणाली, "जा आता. भाकर मंद आचेवर करा."

भटू तोंड वाकडं करून एस.टी.त बसला. जळगाव सोडताना कंडक्टर आला. "सुट्टे द्या, भाऊ."

त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. मूठभर चिंचोके हाताला लागले. तांब्यात आता, फार तर, तीन-चार उरले असतील.

कंडक्टरनं तळहाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. भटू हसत होता.

"हे काय?"

"दिवस शेतस."

"इथं चालत नाहीत. घरी ठेवा."

भटूनं मूठ मिटली. "घरच ली जाई ऱ्हायनू," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून 'सोडी दे रे राजा' गुणगुणू लागला.