बाबांच्या उल्केतलं निकेल

आता आईबाबा दोघंही नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही. ओतकामाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. लोखंडाच्या तुकड्यावर ठिणगी पाडायची. त्या प्रकाशातल्या रेघा वाचून कशात काय किती आहे, ते आमचं यंत्र अर्ध्या मिनिटात सांगे! त्याच तोऱ्यात मी जेवताना जाहीर केलं, "बाबा, तुमच्या उल्केचा निकाल मी लावते."

बाबांनी तरुणपणी ती उल्का मैदानात पडताना पाहिली होती आणि उचलून आणली होती. काचेच्या कपाटातला तो काळा, ओबडधोबड गोळा म्हणजे आमच्या घरचं वैभव. काका मात्र त्याला भंगार म्हणायचा.

"कशाला उगाच? झिजेल ती," बाबा म्हणाले. आईनंही मान डोलावली. पण काकाला चेव आला. त्यानं परस्पर अख्ख्या गल्लीला शनिवारी आमच्याकडे चहाला बोलावलं. आकाशातून आलेल्या लोखंडात निकेल असतंच, एवढं मी त्याला सांगितलं होतं; तो शेजाऱ्यांना निकेल शिकवत फिरला.

शेवटी बाबांचा नाइलाज झाला. शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत मी गोळ्याची एक बाजू घासून सपाट केली आणि ठिणगी पाडली. निकेल जवळजवळ शून्य. कार्बन साडेतीन टक्के. म्हणजे चक्क बीड, आमच्याच भट्टीत रोज ओततात तसलं ओतीव लोखंड! तीनदा पाहिलं, तिन्हीदा तेच. उल्केला तीन काळे डाग तेवढे पडले.

घरी माणसं जमली होती. मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. निकालाचा कागद पाहून ती खालीच बसली. घर बदलताना खरी उल्का तिच्या हातून रद्दीच्या पोत्यात गेली होती. दिवसभर शोधून शेवटी तिनं भंगारवाल्याकडून तसाच दिसणारा तुकडा आणला होता.

"वीस वर्षं झाली. ह्यांना कळलं तर फार लागेल गं त्यांना."

मी कागद मुठीत चुरगाळला आणि बाहेर येऊन सांगितलं, "निकेल आठ टक्के." टाळ्या पडल्या. काकानं चहाचा कप तोंडाला लावला.

सगळे गेल्यावर बाबा गोळा कपाटात ठेवू लागले.

"खरीला एका बाजूला खळगा होता," ते हळूच म्हणाले. "मला पहिल्याच दिवशी कळलं. पण तुझी आई रडून रडून डोळे सुजवून, हे धूड छातीशी धरून उभी होती. काय विचारणार?"

त्यांनी कपाटाचं दार लावलं.

"आणि खोटं बोलताना खाली बघत जाऊ नकोस. तुझी आईही तशीच बघते."

मी तेव्हाही खालीच बघत होते.